सेल्फ असेसमेंटच्या फॉर्मवर वीकनेसचा रकाना भरला, स्ट्रेंथचा कोराच आहे, काय लिहू?

कुपवाड_क्यूसी
नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे, वय २९, डिप्लोमा मेकॅनिकल. यंदापासून अप्रेझलच्या आधी सेल्फ असेसमेंटचा फॉर्म भरून द्यायचाय, शुक्रवारपर्यंत. त्यात दोन मोठे रकाने, स्ट्रेंथ आणि वीकनेस. वीकनेसचा तर बघता बघता भरला, जागा पुरेना. भिडस्त आहे, इंग्लिश मेल लिहायला वेळ लागतो, कुणी आवाज चढवला की माझं बोलणंच बंद होतं, नाही म्हणता येत नाही त्यामुळं दुसऱ्यांची कामं अंगावर पडतात, मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही. स्ट्रेंथमध्ये मेहनती, प्रामाणिक असं लिहिलं आणि खोडलं, कारण हे सगळेच लिहिणार.

मीटिंगचं सांगते म्हणजे कळेल. मागच्या महिन्यात एका जॉबच्या बोअरचं, म्हणजे आतल्या भोकाचं, माप टॉलरन्समध्येच (चालणाऱ्या मर्यादेत) येत होतं, ओके म्हणून गेलंच असतं, पण तासातासाची रीडिंग ओळीनं बघितली तर दर वेळी थोडं थोडं खालच्या लिमिटकडं सरकत होतं. ऑपरेटर दादांना म्हटलं जरा इन्सर्ट (कापणाऱ्या टूलचं पातं) बघा, काढला तर धार घासलेली. लॉट वाचला. पण मंथली मीटिंगमध्ये हे सांगायची वेळ आली तेव्हा मी गप्प, शेवटी सुपरवायझर सरांनीच सांगितलं.

घरी विचारावं तर आमच्याकडं तोंडावर कौतुक करायची पद्धत नाही, पोर शेफारतं म्हणून. आई माझ्याबद्दल चांगलं बोलते ते मला शेजारच्या काकूंकडनं कळतं. नुसत्या फॉर्मपुरतं नकोय, मला खरंच कळून घ्यायचंय की आपल्यात काय चांगलं आहे ते माणसानं शोधायचं कसं. तुम्ही कसं शोधलं?

सातारा_फौजी
ताई, मी साताऱ्याचा, फौजेतनं रिटायर झाल्यावर एसएसबीला, म्हणजे फौजेत अधिकारी निवडायच्या परीक्षेला, जाणाऱ्या पोरापोरींची तयारी घेतो. तुमचा प्रश्न आमच्याकडं दर बॅचला येतो, कारण एसएसबीत सायकॉलॉजीच्या पेपरात सेल्फ डिस्क्रिप्शन असतं. १५ मिनिटांत लिहायचं: आईवडील तुमच्याबद्दल काय म्हणतात, शिक्षक काय म्हणतात, मित्र काय म्हणतात, तुम्ही स्वतः काय म्हणता आणि पुढं तुम्हाला कसं व्हायचंय. बघा, स्वतःचं मत चौथ्या नंबरला आहे, आधी तीन ठिकाणची माणसं.

आमची पोरं पहिल्यांदा लिहितात ते तुम्ही खोडलं तसंच असतं, हार्डवर्किंग, ऑनेस्ट, हेल्पफुल. मी सांगतो विशेषण खोड आणि प्रसंग लिही. कधी, कुठं, तू काय केलंस, त्यानं काय झालं. विशेषण कुणीही लिहितो, प्रसंग ज्याचा त्याचाच असतो. आणि तिथं खोटं टिकतही नाही, कारण सायकॉलॉजिस्ट, मुलाखत घेणारे ऑफिसर आणि ग्राउंडवर गटाच्या कसोट्या घेणारे जीटीओ असे तिघं वेगवेगळे बघतात आणि शेवटी कॉन्फरन्सला एकत्र बसतात. मनसा, वाचा, कर्मणा म्हणतात त्याला. तिन्हीकडं माणूस एकच दिसला पाहिजे.

आता तुमचीच पोस्ट परत वाचा. माप ओके असताना ते कुठं सरकतंय हे तुम्ही बघितलं. तो तुमच्या स्ट्रेंथच्या रकान्यातला प्रसंग आहे आणि तुम्ही तो वीकनेसचं उदाहरण म्हणून टाकलाय. मला वाचताना फार वाईट वाटलं, खरं सांगतो. एवढी चांगली नजर आणि तिची नोंद कुठंच नाही.

मानसशास्त्र_विश्रामबाग
मी सांगलीतच मानसशास्त्र शिकवते. फौजी दादांनी अगदी नेमकं पकडलंय, त्याच्या मागचं कारण सांगते.

जे आपल्याला सहज येतं ते सगळ्यांनाच येत असणार असं आपण धरून चालतो. १९९९ साली क्रूगर आणि डनिंग या दोघांचा एक अभ्यास आला, त्यांनी विद्यार्थ्यांना तर्क, व्याकरण, विनोदाची जाण यांच्या परीक्षा दिल्या आणि विचारलं, बाकीच्यांच्या तुलनेत तुम्ही कुठं आहात असं वाटतं. सगळ्यात कमी गुण मिळवणाऱ्या गटाला आपण सरासरीच्या वर आहोत असं वाटत होतं, हे लोक नेहमी सांगतात. पण त्यातली दुसरी बाजू कमी सांगितली जाते, की सगळ्यात वरच्या गटानं स्वतःला आहे त्यापेक्षा खाली धरलं होतं, कारण आपल्याला सोपं गेलं म्हणजे इतरांनाही गेलं असेल असं त्यांना वाटलं. तुझं तेच झालंय बाळा. रीडिंग ओळीनं बघणं तुला इतकं साधं वाटतं की त्यात सांगण्यासारखं काही आहे हेच तुला दिसत नाही.

दुसरं, १९५५ मध्ये जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम यांनी जोहारी विंडो मांडली, चार कप्प्यांची. मला आणि इतरांनाही माहीत असलेलं, फक्त मला माहीत असलेलं, फक्त इतरांना दिसणारं, आणि कुणालाच अजून न कळलेलं. तुझं उत्तर तिसऱ्या कप्प्यात पडलंय आणि तो कप्पा एकटीनं विचार करून उघडत नाही, विचारावंच लागतं. पण “माझ्यात चांगलं काय” असं विचारलंस तर माणसं संकोचतात, आपल्याकडं तर जास्तच. त्यापेक्षा असं विचार, “तुम्ही कुठलं काम मला द्याल आणि कुठलं देणार नाही?” ऑपरेटर दादांना विचार, सरांना विचार, बहीण असेल तर तिला. आईला थेट विचारू नको, काकूंनाच विचार, त्यांच्याकडं सगळा साठा आहे.

आणि एक मला मनापासून खटकतं ते बोलतेच. आपल्या घरांत पोरांना स्वतःचे दोष तोंडपाठ असतात, गुण एकही सांगता येत नाही. माझ्याकडं येणाऱ्या मुलींमध्ये हे मुलांपेक्षा जास्त दिसतं. शेफारण्याची भीती घालून आपण त्यांची स्वतःशी ओळखच होऊ देत नाही.

तासगाव_द्राक्षबाग
वरचं सगळं पटलं, पण वीकनेसच्या रकान्याबद्दल कोण बोललंच नाही म्हणून लिहितोय. तुमच्या यादीतलं सगळं सुधारायच्या मागं लागू नका.

आमची एकत्र शेती आहे, दोघं भाऊ. मला बागेची नजर आहे, सकाळी पान उलटं केलं की दावण्याची पांढरी बुरशी मला लांबनं दिसती, वरनं नुसता तेलकट डाग असला तरी मी थांबतो. पण व्यापारी बांधावर आला आणि दर पाडून मागायला लागला की मला बोलायला येत नाही, आधीपासनंच येत नाही. ते काम माझी भावजय करती. ती शांतपणे बसती, आजूबाजूला कुणाचा माल किती दरानं गेला ते तिला माहीत असतं, आणि पैसे हातात आल्याशिवाय गाडी हलू देत नाही. मी दर ठरवायला शिकावं म्हणून कुणी मागं लागलं नाही आणि तिनं फवारणीचं शिकावं म्हणूनही नाही. बाग चांगली चाललीय.

तेव्हा यादीतली कुठली गोष्ट तुमच्या कामाला किंवा दुसऱ्या कुणाला नडती तेवढीच उचला. भिडस्त असणं हा स्वभाव आहे, राहू दे की. नाही म्हणता येत नाही हे मात्र नडणार, कारण दुसऱ्याचं काम करत बसला तर तुमची ती रीडिंग बघायची राहतील.

आणि तो फॉर्म ऑफिसचा आहे, तिथं सगळं मन मोकळं करायची गरज नाही. आवाज चढवला की बोलणं बंद होतं हे तिथं लिहू नका, ते घरच्या वहीत. फॉर्मवर कामाशी संबंधित एकदोन गोष्टी आणि त्यावर काय करताय ते, बास.

कुपवाड_क्यूसी
सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री दोनदोनदा वाचलं आणि डोळे भरून आले. आज ऑपरेटर दादांना मॅडमनी सांगितलं तसं विचारलं. ते म्हणाले नवीन जॉबचा पहिला पीस तुमच्याकडनंच चेक करून घेतो आम्ही, तुम्ही सुट्टीवर असला की सेटिंगला भीती वाटते. तिघंचौघं ठरवून थांबतात म्हणे, मला कधी कळलंच नव्हतं. काकूंकडं रविवारी जाणार आहे.

स्ट्रेंथमध्ये आता बोअरचा प्रसंग चार ओळीत लिहिलाय, विशेषण एकही नाही. वीकनेसमध्ये इंग्लिश मेल आणि मीटिंगमध्ये न बोलणं एवढंच ठेवलं. सरांना विचारून घेतलं, पुढच्या मीटिंगपासनं रिजेक्शनचे आकडे मीच वाचून दाखवणार, पाच मिनिटं, मराठीतनं चालेल म्हणाले. नाही म्हणण्याचं फॉर्मवर घातलं नाही पण वहीत पहिल्या नंबरला आहे, त्यावर कुणाकडं काही उपाय असला तर सांगा.

तासगाव_द्राक्षबाग
आमची भावजय “नाही” म्हणतच नाही, “हातातलं झालं की बघते, साडेचारनंतर विचारा” म्हणती. वेळ सांगायची, नुसतं बघते म्हणायचं नाही. निम्मी माणसं परत येतच नाहीत. करून बघा.

सातारा_फौजी
शाब्बास ताई. त्या प्रसंगाखाली तारीख आणि जॉब नंबर पण टाका, आणि फॉर्म देण्याआधी फोटो काढून ठेवा, पुढच्या वर्षी लागेल.