मदत हवी आहे: लॅपटॉपात जास्त वॅटचं आरटीएक्स ४०५० ग्राफिक्स कार्ड घ्यावं की कमी वॅटचं ४०६०?

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावासाठी गेमिंग लॅपटॉप घ्यायचाय. बजेट ९० हजार, त्यावर खरंच ताणता येणार नाही. रात्री गेम आणि दिवसा ब्लेंडर (थ्रीडी अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर), असा त्याचा वापर आहे. अ‍ॅनिमेशनच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

आधीच्या लॅपटॉपात जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड होतं, ४ जीबी मेमरीचं. एप्रिलमध्ये स्क्रीनवर हिरवे-जांभळे चौकोन यायला लागले. सुरुवातीला फक्त गेम खेळताना, मग नुसता चालू केला तरी. दुरुस्तीवाला म्हणाला, चिप मदरबोर्डलाच सोल्डर केलेली असते, डेस्कटॉपसारखं कार्ड काढून दुसरं नाही घालता येत. त्याने चिप तापवून दिली, लॅपटॉप १७ दिवस चालला आणि परत तेच. म्हणून या वेळी टिकाऊपणा आधी, एफपीएस (गेममध्ये सेकंदाला किती फ्रेम दिसतात ते) नंतर.

दोन मॉडेलांवर अडलोय. एकात आरटीएक्स ४०६०, ८ जीबी, पण बॉडी पातळ आणि कार्डाला ७५ वॅटच दिलेत (वॅट जास्त तर कार्ड जास्त वेगाने चालतं). दुसऱ्यात ४०५०, ६ जीबी, पण लॅपटॉप जाडजूड, मागे-बाजूला गरम हवा बाहेर जायला मोठ्या जाळ्या आणि पूर्ण ११५ वॅट. एकच ४०६० कंपन्या ३५ पासून ११५ वॅटपर्यंत कितीलाही लावतात, हे मला गेल्या आठवड्यात कळलं. खोक्यावर नाव मोठं असतं, वॅट शोधावे लागतात. ही कार्डं बनवणाऱ्या एन्व्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये, सिस्टिम इन्फर्मेशनखाली तो आकडा दिसतो म्हणे.

आम्ही सोलापूरचे. मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, वरच्या मजल्यावरच्या खोलीत एसी नाही. त्यामुळे माझा कल जाड लॅपटॉपकडे आहे. पण भाऊ म्हणतो, अख्खा सीन कार्डाच्या मेमरीत मावला नाही तर रेंडर (सीनची अंतिम चित्रं तयार होणं) रखडतो, ६ जीबी वर्षभरात अपुरे पडतील. त्याचंही चुकत नाही.

ज्यांच्याकडे यातलं काही आहे त्यांनी कृपया सांगा: उन्हाळ्यात तासभर गेम खेळल्यावर तापमान किती जातं? ६ जीबीत ब्लेंडर कुठे अडतं? आणि तिसऱ्या वर्षाची वॉरंटी वाढवून घेतली असेल, तर बोर्ड बदलून मिळाला का?

शनिवारी दुकानात जातोय. मालक अर्धा तास लॅपटॉप चालवून बघू देणार आहेत. तेवढ्या वेळात काय काय तपासू, तेही लिहा.