मोठ्या कॉम्प्रेसरच्या आधी कंडेन्सर बघा

तुमच्या जुन्या ट्रॅव्हलर कॅम्परचा (आत झोपायची सोय असलेल्या व्हॅनचा) एसी मोकळ्या पाम बीच रोडवर गार हवा देतो आणि घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये कोमट, यातच निम्मं निदान आहे. तुमच्या प्रश्नावर कोणीतरी मोठा कॉम्प्रेसर (एसीचा गॅस दाबून फिरवणारा पंप) सुचवलाय, मला ते पटत नाही. गाडी उभी असताना इंजिन आयडलवर, म्हणून कॉम्प्रेसर हळू फिरतो आणि कंडेन्सरला (गॅसमधली उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीला) समोरून वाराही मिळत नाही. उष्णता बाहेर गेलीच नाही, तर मोठा कॉम्प्रेसर काय करणार? आधी कंडेन्सरची धूळ काढा (पाण्याची धार हलकी ठेवा, पट्ट्या वाकतात) आणि पंख्याची मोटर पूर्ण वेगाने फिरते का ते तपासा.

गॅस नुसता टॉप-अप करून घेऊ नका, प्लीज. गळती शोधून, व्हॅक्यूम करून (आतली हवा-ओलावा खेचून काढून), आर-१३४ए हा एसीचा गॅस वजनाने मोजून भरायला सांगा. जास्त झाला तरी गारवा घटतो. सिस्टीम उघडलीच तर ड्रायरही (गॅसमधला ओलावा शोषणारी डबी) बदला.

आपल्याकडे दमटपणाही मोठा भार असतो. हवेतलं १ किलो पाणी काढायला सुमारे २,४५० किलोज्यूल उष्णता उचलावी लागते. म्हणून केबिन एकदा गार झाली की रिसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवणं) चालू ठेवा, दारांची रबरं बदला. छताच्या पत्र्याला आतून नायट्राइल फोम (उष्णता अडवणारा रबरी थर) चिकटवा. रात्री झोपायच्या भागाला मात्र इंजिनवरचा एसी उपयोगाचा नाही, इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपणं जिवावर बेतू शकतं. तिथे वेगळा बॅटरीवरचा एसी लागेल. तुमची बॅटरी किती अँपिअर-अवर क्षमतेची आहे?