मदत हवी आहे: मक्याचं रान कापणीनंतर नांगरावं की तसंच ठेवावं?
मंडळी, मक्याची कापणी झाली की सांडलेल्या दाण्यांवर रानबदकं उतरायची. यंदा पावसाने कापणी लांबली. उभ्या मक्यात हरणं दिवसभर दडून राहतात. बांधावर दिसतात ते फक्त खुरांचे ठसे आणि अर्धवट खाल्लेली कणसं. लगेच नांगरलं तर दाणे मातीखाली जातात, हे कळतं. पण धसकटं तशीच ठेवून सखल भागात वीतभर पाणी साठू दिलं, तर ते गोठेपर्यंत बदकं थांबतील का? शिकारीच्या हंगामात असं पाणी सोडणं नियमात बसतं, की ते आमिष मानलं जातं? हरणांच्या आडोशासाठी पाणथळीकडेची झुडपं मात्र मला राखायचीच आहेत. ज्यांनी असं रान सांभाळलंय, त्यांनी कृपया सविस्तर सांगा.