काकूंनी प्रार्थनेबद्दल तोंडावर सांगितलं, लागलंय मनाला (नाशिक)

शरणपूररोड_तरुण
सगळ्यांना प्रभूत सलाम. मी आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघात आहे, तीन वर्षं घरसभांमध्ये प्रार्थना चालवतो, लोक म्हणतात छान करतोस. मागच्या बुधवारी नाशिकरोडला एका घरी सभा होती, संपल्यावर दारात चपला घालत होतो तर मंडळीतल्या एक वयस्कर काकू आल्या, हात धरला आणि हळूच म्हणाल्या, "बाळा, आज तू देवाशी नाही बोललास, आमच्याशी बोललास." एवढंच. गाडीवरून घरी येईपर्यंत कान तापलेले माझे. ह्यांना काय कळतं, ह्या स्वतः तर कधी मोठ्याने प्रार्थना करत नाहीत, असलं काय काय मनात आलं. राग पण येतोय आणि आतून वाटतंय की काहीतरी खरं आहे त्यात. असं कोणी बोललं तर तुम्ही कसं घेता? आणि ते खरं आहे का नुसतीच टीका, हे ओळखायचं कसं?

देवळालीची_ताई
भाऊ, काकूंनी हे चारचौघांत नाही सांगितलं ना? बायबलात मत्तय १८ मध्ये येशू म्हणतो भाऊ चुकला तर आधी त्याला एकट्याला गाठून सांग, त्यांनी तेच केलं. प्रेषितांची कृत्ये १८ काढून वाच. अपुल्लो म्हणजे मोठा वक्ता, शास्त्रात पक्का, सभास्थानात बेधडक बोलायचा, पण त्याला माहीत फक्त योहानाचा बाप्तिस्मा, येशूच्या नावाचा नाही. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला, तंबू करून पोट भरणारं जोडपं, त्यांनी त्याला बाजूला घेतलं आणि देवाचा मार्ग अजून नीट समजावून दिला. आणि त्याने ऐकलं! पुढे अखयात (ग्रीसमध्ये) विश्वासणाऱ्यांना केवढी मदत झाली त्याची. त्याला राग आला का नाही ते लिहिलेलं नाही, मला तर वाटतं आला असेल थोडा.

जुने_नाशिक_काका
ताईंचं बरोबर, पण सरसकट सगळ्यांचं मनावर घेऊ नको. काहींना दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळच दिसतं. गलतीकरांस पत्रात ६:१ मध्ये सौम्यतेने ताळ्यावर आणा असं आहे, ती सौम्यता दिसते का बघ. मात्र कधी कधी बोल कडकही असतो. अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र याने परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर, जेवणं सोडलं तेव्हा पौल त्याला तोंडावर, सगळ्यांसमोर बोलला. आणि तरी पेत्राच्या दुसऱ्या पत्रात "आपला प्रिय बंधू पौल" असं आहे, ते वाचताना मला दर वेळी भरून येतं.

द्राक्षबाग_दिंडोरी
मी बागवाला माणूस, माझ्या भाषेत सांगतो. योहान १५ मध्ये फळ देणाऱ्या फांदीलाच बाप छाटतो असं आहे, अजून फळ यावं म्हणून. आमच्याकडे एप्रिलला खरड छाटणी, नवी काडी यावी म्हणून, आणि ऑक्टोबरला गोडी छाटणी, फळासाठी. गोडी छाटणीच्या आधी काडी तपासून घेतो, कितव्या डोळ्यात (काडीवरच्या कळीत) घड आहे ते बघतो, मग त्या हिशोबाने कात्री लावतो. न बघता कापलं तर घडच जातो. छाटल्यावर कापल्या जागेतून पाणी टपकतं, वेल रडते म्हणतात आमच्यात. तुझं आत्ता तेच चाललंय. तर काकूंनी काडी बघितली होती का, हे त्यांनाच जाऊन विचार की. इथे विचारण्यापेक्षा ते बरं.

शरणपूररोड_तरुण
दादा, गेलो होतो काल संध्याकाळी. म्हटलं काकू नक्की काय खटकलं ते सांगा, मी मध्ये बोलणार नाही. त्यांनी चहा ठेवला आणि सांगितलं, त्या घरातले काका अर्धांगवायूने आतल्या खोलीत पडून आहेत, त्यांच्यासाठीच सभा ठेवलेली, ते पडद्याआडून ऐकत होते आणि माझ्या पंधरा मिनिटांच्या प्रार्थनेत त्यांचं नाव एकदाही आलं नाही. खरंच नव्हतं आलं. मी वाक्यं जुळवत होतो, मला आठवतंय.
रविवारी उपासनेनंतर त्यांच्याकडे जातोय, काकू पण येतायत. ह्या वेळी आत त्यांच्या खाटेपाशी बसणार आहे.