बोट ठेवून बोलायचं

मुलं एकमेकांच्या सादरीकरणावर 'छान झालं' एवढंच म्हणतात, ही शिक्षकांची तक्रार खरी आहे. पण त्यांना बोलायला नेमकं काही दिलेलं नसतं, हेही तितकंच खरं. मी बीएस्सीच्या वर्गात संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कम यांनी १९७३ मध्ये मांडलेले चार विदासंच (आकड्यांचे संच) देतो. प्रत्येकात ११ बिंदू, प्रत्येक बिंदूला क्ष आणि य अशा दोन किमती. चारही संचांत क्ष ची सरासरी ९, य ची ७.५, सहसंबंध गुणांक (क्ष आणि य किती प्रमाणात सरळ रेषेत एकत्र बदलतात हे सांगणारा आकडा) सुमारे ०.८२. आकडेमोडीत चौघं जुळे. आलेख काढला की पहिला एका सरळ रेषेभोवती विखुरलेला, दुसरा चक्क वक्र, तिसऱ्यात एकटा बिंदू रेषेला स्वतःकडे ओढतो, आणि चौथ्यात लांबचा एक बिंदू वगळला तर उरलेले सगळे एकाच उभ्या ओळीत, म्हणजे य चा अंदाज देणारी रेषाच बसवता येत नाही!

गटागटाने आलेख मांडायचा. ऐकणाऱ्यांना अट एकच: आलेखातल्या एखाद्या जागेवर बोट ठेवून बोलायचं. 'अक्षावर एकक नाही', 'हा बिंदू वगळला तर उतार किती बदलेल?' मराठीत विचारलं तरी चालतं, त्यामुळे मागच्या बाकावरची मुलंही बोलती होतात. सादर करणाऱ्याने लगेच बचाव करायचा नाही, आधी सगळं लिहून घ्यायचं. सुधारलेला आलेख पुढच्या तासाला. हा दुसरा तास कृपया वेळापत्रकात बसवाच, बहुतेक ठिकाणी नेमका तोच गाळला जातो.