अनुभव धागा: ग्रुपमध्ये तुमचं नाव पहिल्यांदा कुणी घेतलं?

पाळीव प्राण्यांचं ग्रूमिंग (आंघोळ, केस, नखं), बोर्डिंग (मालक बाहेर असताना आपल्याकडे ठेवून सांभाळणं), कुत्री फिरवणं, घरी जाऊन मांजरं सांभाळणं, ट्रेनिंग, खाऊ बनवणं... यातलं काहीही करणाऱ्यांसाठी हा धागा. जाहिरातीचे सल्ले वाचून पोट भरलंय. मला एवढंच ऐकायचंय की इमारतीच्या, परिसराच्या किंवा प्राणिप्रेमींच्या ग्रुपमध्ये तुमचं नाव पहिल्यांदा दुसऱ्या कुणीतरी घेतलं ते कधी आणि कशावरून. फसलेले किस्से आधी आले तर उत्तम.

सुरुवात मी करते. मी ग्रूमर. पहिल्या दिवशी झकास पोस्टर बनवलं, नंबर ठळक, आणि एकाच रात्री सात ग्रुपांत तेच टाकलं. सकाळी दोन ग्रुपांतून हकालपट्टी, तिसऱ्यात अ‍ॅडमिनचा कोरडा मेसेज, उरलेल्या चारांत शुकशुकाट. एक अंगठा आला होता, तो नवऱ्याचा.

दीड महिन्याने एकीने विचारलं, कुत्र्याच्या कानामागे केसांचे घट्ट गोळे झालेत, कात्रीने कापू का? मी लिहिलं: कात्री अजिबात नको. गोळा कातडीला ओढून धरतो, केस कुठे संपले आणि कातडी कुठे सुरू झाली ते दिसतच नाही. आधी आंघोळही नको, भिजलेला गुंता वाळला की आणखी आवळतो. गोळ्याचं मूळ बोटांनी धरा म्हणजे ओढ बसणार नाही, टोकाकडून थोडं थोडं सोडवत या, कातडी लाल दिसली की थांबा. नंबर दिला नाही. शहाणपणाने नव्हे, विसरले. तिसऱ्या दिवशी तिनेच मोकळ्या कानाचा फोटो टाकून विचारलं, "ताई, तुम्ही हेच काम करता का?" त्या आठवड्यात पाच फोन. पोस्टर अजून गॅलरीत पडून आहे.

कुत्री फिरवणारा

माझं नाव झालं ते एका हरवलेल्या कुत्र्यामुळे. कसल्याशा धडाम आवाजाला बिचकलं आणि गळ्यातला पट्टा सोडवून पळालं. ग्रुपवर "जास्तीत जास्त फॉरवर्ड करा", आणि रस्त्यावर वीस-पंचवीस माणसं गाडीवरून त्याच्या नावाने हाका मारत फिरतायत. घाबरलेलं कुत्रं हाकेला येत नाही, उलट आणखी लांब पळतं. कधी कधी मालकालाही ओळखत नाही. मी लिहिलं: हाका मारू नका, मागे धावू नका, दिसलं तर तिथेच खाली बसा, तोंड दुसरीकडे फिरवा आणि ग्रुपवर फक्त जागा आणि वेळ लिहा.

लोकांनी ऐकलं, याचंच मला नवल. मी रात्रभर जागा आणि वेळा एका मेसेजमध्ये जोडत राहिलो. दर वेळी त्याच दोन गल्ल्या येत होत्या. पहाटे एका बंद दुकानाच्या पायरीखाली सापडलं. मालक त्याची गोधडी घेऊन पाऊण तास नुसता बसला, मग ते स्वतःच आलं. मी केलं काय, तर यादी. पण माझा नंबर लोकांनी "कुत्रीवाला पोरगा" म्हणून सेव्ह केला. तेव्हा दोन कुत्री फिरवायचो, आता नऊ.

मांजरं सांभाळणारी

माझा किस्सा फसलेलाच आहे.

मालक दहा दिवस बाहेर, घरात दोन मांजरं, मी रोज दोनदा जायचे. तिसऱ्या दिवशी खिडकीत बसलेल्या मनीचा इतका गोड फोटो आला की राहवलं नाही. परिसराच्या ग्रुपमध्ये टाकला: "मालक फिरायला, आम्ही मजेत!" खाली माझा नंबर. बदाम आले, दोन चौकशा आल्या. अर्ध्या तासात मालकीणबाईंचा फोन. ओरडल्या नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, खिडकीतून समोरची पाण्याची टाकी दिसतेय. घर कुठलं ते कुणालाही कळेल. आणि घरात कुणी नाही हे तूच लिहिलंयस."

ग्रुपमध्ये साडेसहाशे माणसं. पोस्ट लगेच काढली, पण तोवर किती जणांनी पाहिली कोण जाणे. उरलेले सात दिवस मी दोनदाऐवजी चारदा गेले, रात्री दिवे लावून बसले. काही झालं नाही. तरी त्यांनी पुन्हा बोलावलं नाही. माझं तोंडही नव्हतं विचारायचं.

तेव्हापासून फोटो मालक परतल्यावरच, तोही विचारून. खिडकी, दार, किल्ली, गळ्यातल्या बिल्ल्यावरचा नंबर, काही फोटोत येऊ देत नाही. मालक कुठे आणि किती दिवस गेलेत हे तर नाहीच. मोकळ्या तारखा सांगायच्या तर "या तारखा भरल्या" एवढंच. माझ्या पोस्टी शिळ्या वाटतात, वाटू देत. आणि गंमत बघा, हे नियम मी कशामुळे केले ते ग्रुपमध्ये कबूल केलं, तेव्हा एका आजोबांनी खाली लिहिलं, "आमच्या मांजरासाठी हीच मुलगी हवी." पहिल्यांदा नाव घेतलं गेलं ते असं.

एक अ‍ॅडमिन (व्यवसाय नाही, पण बोलायचंय)

आमच्याकडे धंद्याच्या पोस्टींना आठवड्यातून एक दिवस. लोक म्हणतात जाचक नियम. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपात १०२४ माणसं मावतात, त्यातल्या पन्नासांनी रोज एकेक पोस्टर टाकलं तर बाकीचे म्यूट करतात, आणि मग पाणी येणार नाही हा निरोपही कुणी वाचत नाही. सगळ्यात डोक्यात जातं ते काय सांगू? "कुणी चांगला ग्रूमर सुचवेल का?" आणि दोन मिनिटांत त्याच आडनावाच्या माणसाचं उत्तर, कॅटलॉगच्या लिंकसकट. आम्हाला कळतं हो. काढत नाही एवढंच.

बोर्डिंग चालवणारा

शनिवारी एका पाहुण्या कुत्र्याला घशात काहीतरी अडकल्यासारखा खोकला लागला, सोमवारी आणखी दोघांना. केनेल कफ, म्हणजे कुत्र्यांचा एकमेकांना लागणारा खोकला. लस घेतलेल्यांनाही होतो, बहुतेकदा सौम्य, पण पिल्लांना आणि म्हाताऱ्यांना जड जाऊ शकतो. लागण झाल्यावर खोकला दिसायला दोन आठवड्यांपर्यंतही लागू शकतात, म्हणजे त्याआधी घरी गेलेली सहा कुत्रीही हिशेबात धरायची.

बायको म्हणाली, सहा घरांना फोन कर, ग्रुपवर दवंडी कशाला? फोन तर आधी केलेच. पण ती सहा कुत्री बागेत जातात, तिथे बाकीच्यांची येतात. रात्री लिहिलं: माझ्याकडे तिघांना खोकला आहे, दोन आठवडे बंद ठेवतोय, या तारखांना ज्यांची कुत्री इथे होती त्यांनी ती इतरांत मिसळू देऊ नका, आणि दवाखान्यात नेण्याआधी फोन करा, कारण तिथे बसलेल्या बाकीच्यांनाही लागेल.

चार बुकिंगं गेली, त्यातली दोन कायमची. एकाने "अस्वच्छतेचा परिणाम" असा शेरा मारला. मी उत्तर लिहायला बसलो, पाच परिच्छेद झाले, बायकोने फोन काढून घेतला. (तिचे उपकार.) सकाळी दोन ओळी टाकल्या: जागा कधीही न कळवता येऊन बघा, बाकी फोनवर बोलू. तो आला नाही, पण दुसरे तिघे आले. हल्ली ग्रुपमध्ये कुणी बोर्डिंग विचारलं की माझ्या जागेचं नाव कुणाला आठवत नाही. "ते खोकल्याचं स्वतःहून सांगणारे", असं लिहितात.

प्राण्यांच्या सामानाचं दुकान

रात्री साडेअकराला मेसेज: कुत्र्याने चॉकलेट खाल्लं, काय करू? पाच मिनिटांत वीस उपाय, त्यात एक "मीठाचं पाणी पाजून उलटी काढा". मिठाने वेगळीच विषबाधा होते, म्हणून आधी ते थांबवायला लिहिलं. मग: कुत्र्याचं वजन, चॉकलेट कुठलं, अंदाजे किती, किती वाजता, एवढं कागदावर लिहा आणि लगेच डॉक्टरांना फोन करा. चॉकलेटमधलं थिओब्रोमीन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं, आणि गडद चॉकलेटात ते दुधाच्या चॉकलेटपेक्षा बरंच जास्त असतं. डॉक्टरला हीच चार उत्तरं लागतात. मी औषध सांगत नाही, सांगणारही नाही. मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा जिवावर बेतू शकते, आणि ग्रुपमध्ये ती सुचवणारे असतात.

त्या बाईंनी नंतर माझं नाव घेऊन आभार मानले. दुकानाचं घेतलं नाही, त्यांना माहीतच नव्हतं.

खाऊ बनवणारी

ग्रुपपेक्षा मला व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट मानवली, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा जातो. एका लिस्टमध्ये २५६ नंबर, पण मेसेज पोचतो तो ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच. हे कळायला मला चार महिने लागले! लोक उत्तर का देत नाहीत म्हणून रुसून बसले होते. आता पहिल्या पुड्यासोबत चिठ्ठी असते, "नंबर सेव्ह करा". चिठ्ठीच्या मागे घटक, सगळेच्या सगळे. कुणीतरी ग्रुपमध्ये विचारलं होतं की पीनट बटर चालतं का. मी लिहिलं, चालतं, पण डबीवर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) आहे का बघा, ते कुत्र्याला विष. तेवढ्यावरून घटकांची चिठ्ठी सुचली.

सात वर्षं कुत्री सांभाळतोय

माझं नाव कुणीही घेतलं नाही. सगळं काम दवाखान्याच्या फलकावरच्या एका कार्डावरून येतं. ग्रुप सोडलेत, झोप सुधारली.

ट्रेनर

धागाकर्तीला विचारायचंय. गुंता कसा सोडवायचा ते सगळं फुकट सांगितलंत, मग येतं कोण? मी पट्टा ओढण्यावर तीन लांब उत्तरं लिहिली, लोकांनी "खूप छान माहिती" म्हटलं आणि गायब.

धागाकर्ती

दादा, गायब होतात, खरंय. माझ्याकडे दहातले आठ होतात. पण काळी नखं कशी कापायची ते मी अगदी बारकाईने लिहिलंय: आतली रक्तवाहिनी काळ्या नखात बाहेरून दिसत नाही, म्हणून कणाकणाने कापत जा, कापल्या जागी मध्ये गडद ठिपका दिसला की थांबा. हे वाचून निम्म्या लोकांचा हात थरथरतो आणि ते मला फोन करतात. तुमचंही तसंच असेल. वाचून पट्टा सैल राहत नाही, कुणीतरी बाजूला चालावं लागतं. फक्त तुम्ही येऊन चालता हे त्यांना कळू द्या. मी विसरले ते चाललं, तुम्ही तीनदा विसरलात.

नवीन

पुढच्या सोमवारी ग्रूमिंग सुरू करतेय. पहिली पोस्ट काय टाकू?

धागाकर्ती

सोमवारी काही टाकू नकोस गं. आधी ग्रुपच्या शोधात "नखं", "गोचीड", "गुंता", "बाहेर जातोय" असे शब्द टाकून जुने मेसेज वाच. कोण विचारतंय, कुठल्या महिन्यात, कोण उत्तर देतंय. कुणी आधीपासून तेच काम करत असेल तर त्याला भेट. माझ्याकडे मांजरं येतात तेव्हा मी ज्या ताईंकडे पाठवते त्या अशाच सापडल्या. अ‍ॅडमिनला विचार की धंद्याचा दिवस कुठला. आणि तुझ्या स्वतःच्या कुत्र्याचा आंघोळीनंतरचा फोटो आहे ना? तो मला पाठव आधी. मागे पाण्याची टाकी दिसतेय का बघते.