बोअरच्या पाण्यात फ्लोराइड निघालं, काळ्या पाषाणातून येतं का?

काळीमाती
आमचं घर पांढरकवड्याजवळ शेतातच आहे. विहीर उन्हाळ्यात आटते म्हणून खोल बोअर मारला, पाणी बारमाही, चवीला गोड, साबणाला फेस भरपूर, तुरीची डाळ पण पटकन शिजते. सहज तपासून घेतलं तर फ्लोराइड लिटरला 2.8 मिलिग्रॅम! आजूबाजूला कारखाना नाही काही नाही, मग आलं कुठून? उकळून प्यायलं तर चालेल का, मुलगी 4 वर्षांची आहे हो.

खडकप्रेमी
डाळ पटकन शिजते ना, तिथंच मेख आहे 🙂 पाण्यात कॅल्शियम असलं की फ्लोराइड त्याच्याशी बांधलं जाऊन खाली बसतं. खोल बसाल्टच्या (म्हणजे तुमचा काळा पाषाण) भेगांत पाणी वर्षानुवर्षं मुरत राहतं, कॅल्शियम चुनखडीत आणि चिकणमातीत अडकतं, सोडियम वाढतं, पाणी अल्कधर्मी होतं आणि मग खडकातून सुटलेलं फ्लोराइड पाण्यातच राहतं. म्हणजे पाणी मऊ, गोड आणि नेमकं तेच वाईट. मर्यादा 1 आहे, दुसरी सोयच नसेल तर 1.5 पर्यंत. केळापूर, झरी जामणी भागात हे जुनंच दुखणं आहे.

विदर्भकर
उकळू अजिबात नका, पाणी उडतं, फ्लोराइड मागे राहतं, म्हणजे उलट वाढतंच. नुसता यूव्हीवाला फिल्टर पण कामाचा नाही, आरओ लागेल. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेची, तुरटी-चुन्याने फ्लोराइड काढायची नलगोंडा पद्धत आहे पण ती घरी अंदाजपंचे करू नका, तुरटी जास्त झाली तर अॅल्युमिनियम पाण्यात उतरतं. आणि मुलीचं आधी बघा, पक्के दात आत्ता हिरडीच्या आत तयार होतायत, फ्लोराइडने एकदा डाग पडले की ब्रशने जात नाहीत.

नैरोबीचा_पुणेकर
इकडे केनियात नाकुरूकडे पण हेच, ज्वालामुखीचाच खडक आणि कित्येकांचे दात तपकिरी. तिकडे हाडांच्या कोळशाचे फिल्टर वापरतात, आपल्याकडे घराघरात कोण ठेवणार म्हणा.

काळीमाती
बापरे. मग विहिरीचं चालेल का?

विदर्भकर
उथळ विहिरीत बहुतेक कमी असतं, पण तपासून घ्याच, जिल्ह्याला भूजल विभागाची लॅब आहे. विहिरीचं मात्र जंतूंसाठी उकळा. बोअर धुणी-भांडी आणि शेतीला राहू दे. स्वयंपाक आणि चहाला पण बोअर नको, भाताच्या पातेल्यात सगळं पाणी आटतं आणि फ्लोराइड थेट ताटात येतं.